वऱ्हाडचे वकील: दादासाहेब खापर्डे आणि वकिलीतून उभे राहिलेले राजकारण

 

आजचा विषय एका वकिलाचा आहे. माणूस अमरावतीचा, पण आम्ही सुरुवात इथून, महालातूनच करणार आहोत. त्याला कारण आहे. ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं नीट लागेल.

आपण ज्या भागाला रोज सहजपणे 'महाल' म्हणतो, तो भोसल्यांच्या राजवाड्यामुळे महाल. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी भोसले वारले. त्यांना मुलगा नव्हता. राण्यांनी दत्तकाची तयारी केली, पण डलहौसीने ते दत्तक राज्यापुरतं मानलं नाही आणि १८५४ च्या मार्चात नागपूर खालसा केलं. मग जवाहीर, हत्ती, घोडे यांचे लिलाव झाले. बांकाबाई आणि इतर राण्यांनी दाद मागितली, पार लंडनपर्यंत माणसं पाठवली. राज्य परत मिळालं नाही. एक लढाई न होता, कायद्याच्या एका कलमावर हे राज्य गेलं.

त्याच सुमाराला, म्हणजे १८५३ च्या मे महिन्यात, वऱ्हाडचंही एक प्रकरण झालं. निजामाला इंग्रजांची एक फौज पोसावी लागे. तिला हैदराबाद कंटिंजंट म्हणत. तिच्या खर्चाची थकबाकी वाढत गेली आणि तिच्या बदल्यात वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झालं. आता गंमत बघा. नागपूर खालसा झालं, म्हणजे सरळ इंग्रजांच्या मालकीचं झालं. वऱ्हाड खालसा झालं नाही. ते कागदावर निजामाचंच राहिलं, कारभार मात्र इंग्रजांचा. सरकारी नावही तसंच होतं: हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स. साध्या भाषेत सांगायचं तर, एकाचं राज्य लिलावात गेलं आणि दुसऱ्याचं गहाण पडलं.

आणि १८५४ सालीच, २७ ऑगस्टला, वऱ्हाडातल्या इंग्रोळी गावी गणेश श्रीकृष्ण खापर्डे यांचा जन्म झाला. पुढे सगळा महाराष्ट्र त्यांना दादासाहेब खापर्डे म्हणून ओळखू लागला. ज्या प्रदेशावर इंग्रजांचा हक्क नेमका कुठला, हाच कायद्याचा प्रश्न होता, त्या प्रदेशात हा वकील वाढला. त्यांच्या आयुष्याकडे आम्ही याच बाजूने बघणार आहोत.

'वकील' म्हणजे कोण?

थोडं थांबून या शब्दाकडे बघू. आज वकील म्हटलं की काळा कोट डोळ्यांपुढे येतो. पण मराठेशाहीच्या कागदपत्रांत वकील म्हणजे एका दरबाराने दुसऱ्या दरबारात ठेवलेला माणूस. नागपूरकर भोसल्यांचे वकील पुण्यात असत, इतर दरबारांत असत. आपल्या धन्याचं म्हणणं समोरच्याला पटेल अशा भाषेत मांडायचं आणि समोरच्याच्या मनात काय आहे ते धन्याला कळवायचं, हे त्यांचं काम.

इंग्रजी अंमलात दरबार गेले, कोर्टं आली. शब्द तोच राहिला, धनी बदलला. आता वकील पक्षकाराचा. आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हाच वकील 'जनतेचा' वकील म्हणून उभा राहू लागला. कोर्टात जसा अर्ज, तसा सरकारकडे अर्ज. कोर्टात जशी उलटतपासणी, तशी कौन्सिलात प्रश्नोत्तरं. सुरुवातीच्या काँग्रेसमध्ये इतके वकील का, असं आम्हाला नेहमी विचारतात. त्याचं अर्धं उत्तर इथे आहे. सरकारशी त्याच्याच भाषेत आणि त्याच्याच नियमांनी बोलणं हे ज्याचं रोजचं काम होतं, असा हाच एक वर्ग होता.

उरलेलं अर्धं उत्तर पैशाचं. सरकारी नोकर बोलू शकत नव्हता, मास्तर बोलला तर शाळेचं अनुदान धोक्यात. वकिलाचं पोट पक्षकारावर. त्याची सनद सरकार काढून घेऊ शके, पण पगार बंद करू शकत नव्हतं, कारण तो मुळात सरकारकडून नव्हताच.

नोकरी सोडून वकिली

खापर्ड्यांचं शिक्षण वऱ्हाडात आणि मग मुंबईला, एल्फिन्स्टन कॉलेजात. संस्कृत आणि इंग्रजी साहित्य हे आवडीचे विषय. १८७७ मध्ये पदवी, १८८४ मध्ये एलएल. बी. वऱ्हाडातल्या माणसाने मुंबई विद्यापीठाची कायद्याची पदवी घेणं ही त्या काळात मोठीच गोष्ट.

१८८५ पासून त्यांनी वऱ्हाडात सरकारी नोकरी केली. आधी मुन्सफ, मग एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर. या दुसऱ्या पदाचं काम कसं चाले, ते बघण्यासारखं आहे. सारा वसुलीवर देखरेख ठेवणारा अधिकारी आणि फौजदारी खटला ऐकणारा मॅजिस्ट्रेट हे बरेचदा एकच. म्हणजे ज्याने सकाळी तुमच्यावर हुकूम बजावला, त्याच्याच पुढे दुपारी तुमचा न्याय. न्याय आणि कारभार वेगळे करा, ही काँग्रेसची अगदी पहिल्या वर्षांपासूनची मागणी होती. ती आज पुस्तकी वाटते. खापर्ड्यांना ती पुस्तकातून शिकावी लागली नाही, ते स्वतः त्या खुर्चीत बसले होते.

१८९० मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि अमरावतीला वकिली सुरू केली.

अमरावती तेव्हा काय होती? कापसाची पेठ. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. त्याच दशकात रेल्वे आली, १८६७ मध्ये ती नागपूरला पोचली. आपल्याकडे १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली, ती याच कापसावर. पण कापूस आला की सावकारी आली, कर्ज आलं, गहाणखतं आली आणि गहाणखतांमागून दावे आले. शेतकऱ्याच्या हातून जमीन निसटायची ती कोर्टाच्या हुकूमनाम्याने. दिवाणी कोर्टात गर्दी आणि वकिलांना मागणी. खापर्डे लवकरच वऱ्हाडातले अव्वल वकील झाले. त्यांचं घर, आजच्या राजकमल चौकातला खापर्डे वाडा, हे पाहुणे, पक्षकार, विद्यार्थी, कीर्तनकार आणि राजकारणी या सगळ्यांचं उतरण्याचं ठिकाण झालं.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवू. या वकिलीचा पैसा आला तो त्याच व्यवस्थेतून, ज्या व्यवस्थेत शेतकरी भरडला जात होता. हे एकट्या खापर्ड्यांबद्दल नाही, त्या काळच्या सगळ्याच वकील पुढाऱ्यांबद्दल खरं आहे. तो पैसा सार्वजनिक कामात खर्च झाला हेही खरं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी लक्षात ठेवायच्या.

गावकीपासून काँग्रेसपर्यंत

१८८२ मध्ये लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव केला. त्यानंतर नगरपालिका आणि जिल्हा बोर्डांत लोकांनी निवडलेली माणसं येऊ लागली. अधिकार थोडे होते: रस्ते, दिवे, पाणी, शाळा, दवाखाने. वर कलेक्टर किंवा डेप्युटी कमिशनर बसलेलाच. पण सभा भरवायची, ठराव मांडायचा, दुरुस्ती सुचवायची, मत मोजायचं, अंदाजपत्रकातल्या आकड्यावर बोट ठेवायचं, ही सगळी तालीम इथे झाली. अमरावतीच्या स्थानिक कारभारात खापर्डे बरीच वर्षं होते. नागपुरात हेच काम बिपिनकृष्ण बोस, गंगाधरराव चिटणीस वगैरे मंडळी करत होती. आपल्या चिटणीस पार्कावरून रोज जाता ना, त्याच घराण्याचे हे गंगाधरराव.

मग आलं १८९७ साल. वाईट वर्ष. दुष्काळ आणि पुण्यात प्लेग. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली आणि सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहाबद्दल १८ महिन्यांची शिक्षा झाली. त्याच डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीला भरलं. अध्यक्ष सर शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. विचार करा, टिळक तुरुंगात, सरकारची नजर कडक आणि टिळकांचा स्नेही स्वागताध्यक्षाच्या खुर्चीत. अधिवेशन पार पडलं. आणि खापर्डे अखिल हिंदुस्थानच्या राजकारणात आले.

टिळकांशी त्यांचं नातं हा त्यांच्या आयुष्याचा कणा आहे. दोघेही कायदा शिकलेले, दोघेही संस्कृताचे व्यासंगी. स्वभाव मात्र वेगळे. टिळकांचं बोलणं कोरडं, मुद्द्याचं. खापर्डे थट्टेखोर, सभा हसवणारे, हसता हसता टोचणारे. मित्र म्हणून ते टिळकांच्या मागे उभे राहिले, ते शेवटपर्यंत.

नागपूरची काँग्रेस सुरतेला का गेली?

आता परत आपल्या गावात येऊ. १९०७ चं काँग्रेस अधिवेशन नागपूरला व्हायचं होतं, हे किती जणांना माहीत आहे?

तेव्हा काँग्रेसमध्ये मवाळ आणि जहाल असे दोन तट पडले होते. अध्यक्ष कोण होणार ते ठरवण्यात स्वागत समितीचा हात मोठा असे आणि त्यासाठी तीन चतुर्थांश मतं लागत. म्हणून सगळी लढत आली स्वागत समितीवर. नागपुरात एका बाजूला चिटणीस, बोस यांच्यासारखी वजनदार मवाळ मंडळी. दुसऱ्या बाजूला डॉ. मुंजे आणि त्यांचे तरुण साथी, त्यांच्या पाठीशी वऱ्हाडातून खापर्डे. यांना टिळक अध्यक्ष हवे होते. सप्टेंबरातली बैठक गोंधळात मोडली. शेवटी १० नोव्हेंबरला मुंबईत सर फिरोजशहा मेहतांच्या घरी बैठक झाली आणि अधिवेशन सुरतेला हलवलं गेलं. डिसेंबरअखेर सुरतेला जोडा फेकला गेला, खुर्च्या उडाल्या आणि काँग्रेस फुटली. शाळेच्या पुस्तकात आपण सुरतेची फूट वाचतो. तिची पहिली ठिणगी आपल्याच गावात पडली होती.

नियमाच्या चौकटीत राहून भांडणारा वकील इथे आपल्याला दिसतो. तीन चतुर्थांश मतांचा नियम हातात धरून जहालांनी मवाळांना अडवलं आणि मवाळांनी अधिवेशनाची जागाच बदलून त्यांना उत्तर दिलं.

लंडनची वारी

२४ जून १९०८ रोजी टिळकांना पुन्हा पकडलं. 'केसरी'तल्या लेखांबद्दल राजद्रोहाचा खटला. न्यायमूर्ती दावर. नऊ जणांची ज्यूरी. सात जणांनी दोषी म्हटलं, दोघांनी निर्दोष. २२ जुलैला सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा. ती पुढे मंडालेच्या तुरुंगात भोगावी लागली.

खापर्ड्यांनी तेव्हा काय केलं? चालती वकिली बंद केली आणि ऑगस्टात इंग्लंडला निघाले. चौपन्न वर्षांचं वय. टिळकांचं अपील प्रिव्ही कौन्सिलपुढे नेण्यासाठी. महिनाभराचं काम नव्हतं ते. दोन वर्षं ते तिकडे राहिले.

या अपिलात अडचण अशी होती की प्रिव्ही कौन्सिल फौजदारी प्रकरणात सहसा हात घालत नसे. खालच्या कोर्टाने चूक केली एवढं दाखवून भागत नसे. न्यायाची मूळ तत्त्वंच पायदळी तुडवली गेली, असं दाखवावं लागे. त्याशिवाय अपिलाची परवानगीसुद्धा मिळत नसे. १९०९ मध्ये ती नाकारली गेली. मग खापर्ड्यांनी पार्लमेंटच्या सभासदांच्या भेटीगाठी, पत्रं, अर्ज असे सगळे मार्ग धुंडाळले. काही साधलं नाही.

त्याच काळात लंडनमध्ये दुसरं राजकारणही चालू होतं. सावरकर तिथे होते. १९०९ च्या जुलैत मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायलीला गोळी घातली. निषेधाच्या सभेत सावरकरांनी एकट्याने विरोध केला, त्या सभेला खापर्डेही हजर होते. एकाच शहरात एक वकील अपिलाचे कागद घेऊन फिरतोय आणि दुसरा कायदा शिकलेला तरुण म्हणतोय की या कोर्टाकडून काहीच मिळणार नाही. निकालाच्या बाबतीत तो तरुण चुकला, असं कसं म्हणणार?

साठ वर्षांपूर्वीच्या नागपूरच्या राण्यांचे वकील आठवतात इथे. तेही लंडनला गेले, तेही हात हलवत परतले.

परतताना खापर्डे ब्रह्मदेशमार्गे आले आणि १९१० च्या ऑक्टोबरात मंडालेला जाऊन टिळकांना भेटले. अपिलाचं काय झालं, ते स्वतःच्या तोंडाने सांगायला. आम्हाला वाटतं, या सगळ्या प्रवासातला हा सर्वांत अवघड टप्पा असावा.

शिरडीचा मुक्काम

घरी आले तो वकिली मोडलेली, खर्च वाढलेला, सरकारची पाळत. डिसेंबर १९१० मध्ये ते शिरडीला साईबाबांच्या दर्शनाला गेले. एका वर्षाने पुन्हा गेले आणि पत्नी लक्ष्मीबाईंसह मार्च १९१२ पर्यंत राहिले. ज्याला एकेक दिवस मोलाचा, तो वकील तीन महिन्यांहून जास्त शिरडीत बसून. सकाळची आरती, मशिदीतली भेट, दुपारी पंचदशी किंवा दासबोधाचं वाचन. साईबाबांनी जाण्याची परवानगी दिली नाही म्हणून राहिलो, असं भक्तांच्या परंपरेत सांगतात. अटकेच्या सावटातून तो मुक्काम त्यांच्या उपयोगी पडला, असं अभ्यासक सांगतात. दोन्ही एकदम खरं असायला काही हरकत नाही.

साईसच्चरितात त्यांच्याबद्दल एक निरीक्षण आहे, ते बोलकं आहे. सभा गाजवणारा हा वक्ता बाबांपुढे मात्र मुकाट उभा राही. त्याच संदर्भात आपल्या नागपूरच्या गोपाळराव बुटींचंही नाव येतं. शिरडीचं आजचं समाधी मंदिर म्हणजे त्यांनी बांधलेला वाडा.

आणि आम्हाला हे सगळं इतकं तपशिलात माहीत आहे ते कशामुळे? खापर्डे रोज डायरी लिहीत. इंग्रजीत. किती वाजता उठलो, प्रार्थना केली, कोण आलं, काय बोलणं झालं, कुठे व्याख्यान दिलं. वर्षानुवर्षं. त्या डायऱ्या आज दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, शिरडीचा भाग छापूनही निघाला आहे. वकिलाला नोंदीची सवय असते. इथे ती इतिहासाच्या उपयोगी पडली.

पाहुण्यासारखा बसलेला प्रतिनिधी

१९१४ मध्ये टिळक सुटले, १९१६ मध्ये होमरूल लीग निघाली. खापर्डे पुन्हा मैदानात. १९१८ मध्ये टिळक, केळकर, करंदीकर, बिपिनचंद्र पाल आणि खापर्डे इंग्लंडला निघाले, पण कोलंबोला त्यांचे परवाने रद्द झाले आणि परत यावं लागलं. त्याच वर्षी रौलट समितीचा अहवाल आला. खापर्डे तेव्हा वरिष्ठ कायदे कौन्सिलात होते. सप्टेंबरात त्यांनी ठराव मांडला की या अहवालाचा विचार तहकूब ठेवावा आणि आधी गुप्त पोलिसांच्या कारभाराची चौकशी व्हावी. ठराव पडला. पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे: रौलट कायदा, सत्याग्रह, जालियनवाला बाग.

आता वऱ्हाडच्या त्या जुन्या गहाणखताकडे येऊ. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजामाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतलं, वर्षाला २५ लाख रुपयांवर. १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं आणि वऱ्हाडचं सरकार नागपुरात आलं. पण कायद्याने वऱ्हाड अजूनही 'ब्रिटिश हिंदुस्थान' नव्हतं. हिंदुस्थानच्या कौन्सिलात झालेला कायदा तिथे आपोआप लागू होत नसे, वेगळी अधिसूचना काढावी लागे. आणि आणखी एक विचित्र गोष्ट. १९१९ च्या सुधारणांनंतर वऱ्हाडात निवडणुका झाल्या, पण निवडून आलेल्या माणसाला कायद्याच्या भाषेत 'निवडलेला' म्हणता येत नव्हतं. लोकांनी मत द्यायचं आणि मग सरकारने त्याच माणसाची नेमणूक करायची. १९२१ पासून खापर्डे दिल्लीच्या कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये बसले, ते असेच. त्यांच्या नावापुढे मतदारसंघ म्हणून लिहिलेलं असे, वऱ्हाडचे प्रतिनिधी.

मराठेशाहीतला तो वकील आठवा. दुसऱ्याच्या दरबारात, दुसऱ्याच्या नियमांनी बसलेला. इथे तो शब्दशः परत आलेला दिसतो.

१९२०: नागपुरात सुटलेला हात

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले. डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन नागपूरला भरलं, आजच्या काँग्रेसनगरात. चौदा हजारांवर प्रतिनिधी. गांधीजींचा असहकाराचा ठराव. त्यात वकिलांना सांगितलं होतं, हळूहळू कोर्टं सोडा. कौन्सिलांवर बहिष्कार तर होताच. विरोध करायला आलेले चित्तरंजन दास शेवटी ठराव मांडायला उभे राहिले. मोतीलाल नेहरू, राजेंद्रप्रसाद, वल्लभभाई यांनी वकिली सोडली.

खापर्ड्यांनी हे मानलं नाही. त्यांचं म्हणणं टिळकांच्या शेवटच्या वर्षाच्या भूमिकेवर उभं होतं: जे मिळालं ते घ्या, त्याचा वापर करा, अधिकासाठी भांडा. प्रतियोगी सहकारिता. म्हणून बहिष्काराच्या वातावरणात ते कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये गेले.

इथे दोन्ही बाजू नीट समजून घेऊ. खापर्ड्यांच्या बाजूने बोलायचं तर, जिथे सरकारला उत्तर द्यावं लागतं ती जागा रिकामी सोडली तर तिथे सरकारची हांजी करणारे येऊन बसतील. आणि झालंही पुष्कळ ठिकाणी तसंच. दोन वर्षांतच खुद्द दास आणि मोतीलाल नेहरूंनी स्वराज्य पक्ष काढून कौन्सिलांची वाट धरली.

पण उलट बाजूही तितकीच खरी. या वरिष्ठ सभागृहाला मतदार होते किती? सगळ्या देशात मिळून सुमारे १७,०००. एवढ्यांच्या मतावर आलेला प्रतिनिधी कोणाचा वकील? १९२० मध्ये नागपुरात जे लोक जमले होते, त्यांतल्या बहुतेकांना मताचा अधिकारच नव्हता. असहकाराने त्यांना पहिल्यांदा काही करायला दिलं. सूत कातायला, दुकानासमोर उभं राहायला, तुरुंगात जायला सनद लागत नाही. पक्षकाराला स्वतःच बोलता येऊ लागलं आणि वकिलाला ते उमगलं नाही, असं आम्ही म्हणू.

अंबादेवीच्या दारात

अजून एक प्रसंग आहे. तो सांगितल्याशिवाय हे चरित्र पुरं होत नाही.

१९२७. मार्चात महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच सुमाराला अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा अशी मागणी पुढे आली. देवस्थानाच्या पंचमंडळाचे प्रमुख होते दादासाहेब खापर्डे. १३ नोव्हेंबरला अमरावतीला परिषद भरली, अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मंदिराच्या पंचांनी मुदत मागितली आणि सत्याग्रह काही महिने पुढे ढकलला गेला.

थोडा विचार करा. ज्या माणसाने आयुष्यभर सरकारला विचारलं, आमच्यावर तुमचा हक्क कोणत्या कागदाने, त्याच्या दारात आता दुसरं कोणी विचारत होतं, देवळात आम्हाला अडवायचा तुमचा हक्क कोणत्या कागदाने? विचारणारा स्वतः बॅरिस्टर होता. आणि उत्तर काय मिळालं? अजून वेळ द्या. हेच उत्तर खापर्डे तीस वर्षं सरकारकडून ऐकत आले होते.

त्याच परिषदेच्या मागे उभे होते डॉ. पंजाबराव देशमुख. तेही अमरावतीचे, तेही बॅरिस्टर, पण शेतकरी घरातले. पुढे ते जिल्हा कौन्सिलाचे अध्यक्ष झाले, सार्वजनिक विहिरी सगळ्यांना खुल्या करण्यासाठी झटले आणि स्वतंत्र भारताचे कृषिमंत्री झाले. खापर्ड्यांनी ज्या स्थानिक संस्थांत तालीम केली, त्याच संस्थांतून पंजाबरावांनी वेगळंच काम काढून घेतलं. हत्यार तेच होतं, पक्षकार बदलला.

१ जुलै १९३८ रोजी दादासाहेब वारले. चौऱ्याऐंशी वर्षांना दोन महिने कमी. तोवर आपल्याकडे हायकोर्ट झालं होतं, १९३६ मध्ये. प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ होतं. वऱ्हाड मात्र कागदावर अजून निजामाचंच होतं, ते थेट १९४७ पर्यंत.

मग हाती काय लागलं?

खापर्ड्यांचा हिशेब मांडायला बसलं की हरलेल्या प्रकरणांची यादी लांब होते. नागपूरची काँग्रेस गेली, टिळकांचं अपील गेलं, रौलटचा ठराव पडला, असहकाराने त्यांना बाजूला टाकलं. मग त्यांच्यावर एक अख्खं व्याख्यान कशाला?

आमचं उत्तर असं. सरकार कितीही जबरदस्त असो, त्याला प्रश्न विचारता येतो आणि त्याचं उत्तर नोंदवून घेता येतं, ही सवय आपल्या समाजाला या पिढीने लावली. नगरपालिकेच्या सभेत अंदाजपत्रकावर बोट ठेवणं, माहिती मागणं, ठरावाला दुरुस्ती सुचवणं, हे आज कोणीही करतो. १८९० मध्ये ते करायला नोकरी सोडावी लागत होती. आणि त्याच पिढीची मर्यादाही तिथेच दिसते. दुसऱ्यांच्या वतीने बोलण्याची सवय झाली की त्या दुसऱ्याला स्वतःलाच बोलायचं असतं, तेव्हा ऐकू येत नाही. अंबादेवीच्या दारात तेच झालं. आजच्या पुढाऱ्यांकडे बघतानाही ही कसोटी उपयोगी पडेल, असं आम्हाला वाटतं.

शेवटी एक विनंती, इथल्या मंडळींना खास. खापर्ड्यांबद्दल आपण इतकं बोलू शकलो, कारण त्यांच्या डायऱ्या घरच्यांनी टिकवल्या आणि त्यांचे चिरंजीव बाळकृष्ण यांनी वडिलांचं चरित्र लिहिलं. महालातल्या जुन्या वाड्यांतूनही वकील, मुख्त्यार, अर्जनवीस राहिले. त्यांच्या फडताळांत, माळ्यांवर नोंदवह्या, खटल्यांचे कागद, पत्रं असतील. वाडा पाडून इमारत बांधायची वेळ येते, तेव्हा हे सगळं एका दुपारी रद्दीत जातं. तेवढं करू नका. आधी उघडून बघा, मोडी असेल तर वाचणाऱ्याला दाखवा, नाहीतर निदान कोरड्या जागी बांधून ठेवा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.